बदकांसाठी घातलेलं जोतं

करंजवाडी, ता. हदगाव
४ सप्टेंबर २०२४

माझी धाकटी जाऊ राजकन्या हिला अक्काचा रामराम.

तुझं बरं असंल असं धरून लिहिते. फोन करू नको. आपल्या पोराच्या, बबलूच्या फोनमधून तू काय बोलतीस ते मला समजत न्हाई. टायफाइडात डावा कान गेलाच व्हता, आता उजवाबी चालला. घरात समदे माझ्याशी हातवारे करून बोलतात, जनावराशी बोलल्यावानी. त्यापरीस पत्र बरं. चौथीपर्यंतची शाळा तेवढ्यापुरती तरी कामाला आली.

वाईट खबर हाय. तू माहेरून आणून माझ्यापाशी ठेवलेल्या आठ बदकांतली तीन गेली. मुंगसानं नेली. मी त्यांना कोंबड्यांच्या खुराड्यातच कोंडत व्हते अन् दाराला दगड लावत व्हते. सकाळी बघते तर नुसती पिसं. दोन दिवस मला घास गेला न्हाई.

तुझे भावजी म्हणून राहिले, बदकं पाळणं आपलं काम न्हाई, कापून खाऊन टाका. मी म्हणले, ती राजकन्याची अमानत हाय, ती येईस्तोर मी सांभाळणार. आता राहिलेल्या पाचांना रातच्याला कसं ठेवायचं ते नीट लिहून कळव. तुझ्या बापानं जन्मभर बदकं राखली, तुला ठावं असंल. मला ह्यातलं काई कळत न्हाई.

अक्का


लातूर
११ सप्टेंबर २०२४

अक्का, पाया पडते.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी कणकेत हात घालून बसले होते. वसतिगृहातल्या दीडशे पोरींच्या पोळ्या, तुम्हाला माहीतच आहे. हात न धुताच वाचलं, म्हणून तुमच्या पत्राला आता कणीक लागली आहे. तीन बदकं गेली हे वाचून रडू आलं. पण अक्का, तुम्ही घास टाकू नका. चूक माझी आहे. बदकं तुमच्या अंगणात सोडली आणि बसमध्ये बसून मी लातूरला निघून आले, त्यांचा रात्रीचा मुक्काम कसा असावा हे सांगितलंच नाही. बैल गेला अन् झोपा केला, तशी माझी गत.

आता नीट ऐका. कोंबडीचं खुराडं बदकाला चालत नाही. कोंबडी दांडीवर चढून झोपते, बदक कधीच चढत नाही. ते जमिनीवर पोट टेकून झोपतं, म्हणून जमीनच जपायची असते. जमीन ओली राहिली की पाय सुजतात. खाली सोयाबीनची गुळी, मळणीतला भुसा, वीतभर पसरा, ओली झाली की वर कोरडी टाका. आत पाणी ठेवू नका. रात्री चारा दिला नाही तर पाणी लागत नाही, आणि पाणी ठेवलं तर सकाळपर्यंत सगळा चिखल करतात.

दुसरं, वारा. बदकांच्या श्वासानं आत लई दमट होतं. भिंत गुडघ्याएवढी दगडाची, वर जाळी, आणि जाळी त्यांच्या डोक्याच्या वर यावी म्हणजे झुळूक अंगावर येत नाही. जाळी कोंबडीची पातळ नको, ती मुंगूस फाडतं. बारीक भोकाची, वेल्डिंग केलेली घ्या. दार रुंद ठेवा, सगळी एकदमच घुसतात. सकाळी आठाच्या आत सोडू नका, नाही तर अंडी ओढ्याला घालून येतील.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे जोतं. मुंगूस खालून उकरतं. आमचे अण्णा म्हणायचे, बदकाला छप्पर नसलं तरी चालेल, पण जोतं पाहिजे. हातभर खणून दगड भरायचे, वर फरशी.

आता जागा. तुमच्या बाजूला पाणी साचतं. माझ्या बाजूला, कडुनिंबाखाली, जमीन उंच आहे. तिथंच बांधा. मे महिन्यात मी इथून निवृत्त होते, खोली सोडावी लागेल. घरकुलाचा अर्ज टाकलाय. रामलिंगच्या माघारी त्यांच्या हिश्श्याची तेवढीच वीस बाय पंचवीस जागा माझी या जगात आहे, आणि मला पोटी लेकरू नाही की ते आपल्या घरी नेईल. कडेला बदकांचं खुराडं राहील, मधे माझ्या दोन खोल्या. सकाळी तुम्ही आणि मी मिळून बदकं सोडू. त्या दिवसावरच मी इथल्या पोळ्या लाटतेय.

तुमची राजकन्या


करंजवाडी
२३ सप्टेंबर २०२४

राजकन्याला रामराम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. जोत्याचं समजलं. दगड काढलेले हायत, बबलू टाकतो म्हणला.

एकच अडचण हाय. मी म्हणले कडुनिंबाखाली बांधू, तर तुझे भावजी म्हणतात, ती जागा रामलिंगच्या बायकोची, तिचा शब्द कागदावर पाहिजे, उद्या बोल नको. माझं बोलणं त्यांना पटत न्हाई अन् त्यांचं मला ऐकू येत न्हाई, असा आमचा संसार. तर तू येगळ्या कागदावर लिहून धाड. पुरं नाव लिही, तारीख टाक, सही कर. त्यात बदकाचं नाव घालू नको. बदकापायी कागद करून राहिल्या म्हून हे गावभर हसतात. नुसतं लिही की तिथं पक्कं बांधायला तुझी हरकत न्हाई.

लवकर धाड. काल रातीबी मुंगूस येऊन गेलं.

अक्का


लातूर
२ ऑक्टोबर २०२४

अक्का, पाया पडते.

मोठ्या भावजींचं वाचून हसू आलं. पाच बदकांसाठी कोर्टाचा कागद. पण त्यांचंही बरोबर आहे, माणसानं दुसऱ्याच्या जागेत विचारूनच पाय ठेवावा. आमच्या अण्णांचं हेच इमान होतं. सोबत कागद जोडलाय. रेक्टरबाईंकडून कोरा पांढरा कागद मागून घेतला, म्हटलं भावजींसमोर आपलं वजन पडलं पाहिजे. तुमच्यासाठी इथं उतरवून ठेवते:

"मी, राजकन्या रामलिंग पवळे, लिहून देते की करंजवाडी येथील माझ्या हिश्श्याच्या कडुनिंबाखालच्या जागेत पक्कं बांधकाम करण्यास माझी काही हरकत नाही."

खाली सही, तारीख. बदकाचं नाव नाही घातलं. बघा, झालं ना तुमच्या मनासारखं?

एक राहिलं. दाराची कडी बाहेरून, कोयंड्याची लावा. दगडाच्या भरवशावर राहू नका.

तुमची राजकन्या


करंजवाडी
९ नोव्हेंबर २०२४

राजकन्याला रामराम.

दिवाळी झाली. खुराडं झालं. जोतं चांगलं दीड हात वर आलंय. वर विटा, त्यावर पत्रे. बारा बाय दहा झालं. गवंड्यानं म्हणलं, एवढे दगड हायत तर मोठंच घ्या. एक खिडकीबी ठेवली. लाइटीची वायर आमच्याकडून ओढली.

बदकं बरी हायत. बबलूला स्थळं येऊन राहिली. माहूरला देवीला जाऊन आलो आम्ही, तुझ्या नावानं कुंकू वाहिलं.

कामात हाय, जास्त लिहीत न्हाई.

अक्का


लातूर
१८ नोव्हेंबर २०२४

अक्का, पाया पडते.

बारा बाय दहा ऐकून गंमत वाटली. एवढ्या जागेत तीस बदकं झोपतील. पण खिडकीचं मला कळलं नाही. तिला दारं आहेत का? बदकांना दारांची खिडकी नको, जाळी उघडी पाहिजे. थंडीत सगळं बंद करून ठेवलं तर आत पाणी सुटतं आणि सर्दीनं मरतात. आणि दीड हात जोत्यावर ती चढणार कशी? त्यांना उतार लागतो, फळी टाका, फळीवर पट्ट्या ठोका म्हणजे पाय घसरत नाहीत.

खुराडं बांधलं कुठं, कडेला का मधे? माझ्या खोल्यांना जागा राहते ना? तेवढं लिहा.

तुमची राजकन्या


लातूर
६ जानेवारी २०२५

अक्का, पाया पडते.

नोव्हेंबरातल्या पत्राचं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? बबलूला फोन केला, तो म्हणाला आई रानात गेली. परत केला, परत रानात.

आनंदाची गोष्ट म्हणजे घरकुलाच्या यादीत माझं नाव आलं. ग्रामसेवकाला जागेचा उतारा दाखवला की पहिला हप्ता मिळेल. पोरींनी पेढे वाटायला लावले. पहिला पेढा तुमच्या नावानं बाजूला काढला होता, तो शेवटी मीच खाल्ला.

दोन ओळी तरी लिहा.

तुमची राजकन्या


लातूर
२१ मार्च २०२५

अक्का,

परवा मी करंजवाडीला येऊन गेले. तुम्हाला कोणी सांगितलं की नाही, माहीत नाही.

आधी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकानं नमुना आठचं रजिस्टर काढलं, कुणाचं घर कुठल्या जागेवर ते त्यात लिहिलेलं असतं. म्हणाला, बाई, तुमच्या नावावर मोकळी जागा नाही. कडुनिंबाखालची वीस बाय पंचवीस सगळी बबलू भुजंग पवळे यांच्या नावानं लागली आहे, त्यांचं पक्कं बांधकाम आहे, ग्रामसभेत वाचून दाखवलं, कोणी हरकत घेतली नाही. मी म्हटलं, मी कुठं दिली जागा? तर त्यानं फायलीतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढं ठेवली. माझं अक्षर. माझी सही. रेक्टरबाईंकडून मागून आणलेला कागद.

मी त्याला सांगत बसले की हे बदकांच्या खुराड्यासाठी होतं. तो म्हणाला, यात बदक कुठं लिहिलंय? ऑफिसातले दोघं तिघं हसले.

मग घरी आले. तुम्ही रानात होतात. दार एका नव्या सुनेनं उघडलं. पुनम नाव सांगितलं. तिनं मला विचारलं, "तुम्ही कोण?" अक्का, बबलूचं लग्न झालं आणि मला साधी पत्रिका नाही. ज्या पोराला मी पहिलं झबलं शिवलं, त्याच्या लग्नाची मला खबर नाही. तिनं चहा केला. बिचारी चांगली आहे, तिला काही माहीत नाही. माझ्या जोत्यावर तिचा पलंग आहे, पंखा आहे, भिंतीला आरसा. मधोमध बांधलंय. कडेला एक खोलीसुद्धा बसणार नाही एवढीच जागा उरली.

बदकं जुन्या खुराड्यात आहेत, दांडीखाली, ओल्या घाणीत. दाराला दगड. मी दोनदा मोजली, सात आहेत. पिल्लं निघाली असतील, म्हणून वाढली असं समजले.

अक्का, केसानं गळा कापला त्यांनी माझा. तुमच्यावर माझा राग नाही. मोठे भावजी आणि बबलूनं मिळून केलं हे मला उघड दिसतंय. तुम्हाला ऐकू येत नाही, ते घरात काय बोलले, पंचायतीत काय केलं, तुम्हाला कुठून कळणार? तुमच्या हातून पत्रं लिहून घेतली आणि तुम्हाला त्यांनी पुढं केलं. तुम्हीही फसलात, मीही फसले.

पण आता एकच करा. जसा मी कागद लिहून दिला तसा तुम्ही एक लिहून द्या. की ती परवानगी बदकांच्या खुराड्यापुरती होती, जागा राजकन्याची आहे. खाली सही करा. तुमच्या सहीपुढं भावजींना बोलता येणार नाही. मे अखेर मला खोली सोडायची आहे. माझं सगळं तुमच्या एका कागदावर आलंय.

तुमची राजकन्या


करंजवाडी
१४ एप्रिल २०२५

राजकन्या,

तुझं पत्र आल्यापासून बावीस दिवस मी ते उशीखाली ठेवून झोपून राहिले. आज लिहिते.

मी कागद लिहून देत न्हाई.

ह्यांना दोष देऊ नको. ह्यांच्या डोक्यात एवढं येतच न्हाई. ते म्हणले व्हते, बबलूच्या लग्नाला पक्की खोली पाहिजे, पुनमच्या घरचे पोराच्या नावची जागा मागून राहिले, तर राजकन्याला सरळ इचारू, दिली तर दिली. मीच न्हाई म्हणले. इचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस, कारण तुलाबी तिथंच ऱ्हायचं व्हतं. येगळा कागद माझ्या डोक्यातला. बदकाचं नाव घालू नको हेबी माझंच.

मुंगसानं एकच बदक नेलं, ते खरं. बाकीची दोन मी तुला पत्र लिहीत व्हते तवा परड्यात फिरून राहिली व्हती. एका बदकापायी कोण नवं खुराडं बांधतं? म्हून तीन लिहिले. तू सात मोजलीस ती बरोबर मोजलीस. पिल्लं न्हाई निघाली.

जोत्याचं तूच लिहिलंस. ते वाचलं अन् मी तिथंच ठरवलं. आपल्या गावात जोतं ज्याचं, जागा त्याची, हे शेंबडं पोरबी सांगंल. तुला ठावं व्हतं, पर तू बदकांचा इचार करून राहिली व्हतीस.

ऐकू येत न्हाई म्हून समदे मला गरीब समजतात. तूबी समजलीस. कान गेले म्हंजे अक्कल गेली असं व्हत न्हाई.

आता माझं ऐक. सासूबाई अकरा वर्षं जाग्यावर व्हत्या. मी त्यांचं हागणंमुतणं काढलं, पाठीच्या जखमा धुतल्या. तू लातूरहून पत्र धाडायचीस अन् त्या मला ते वाचायला लावायच्या, पुन्हा पुन्हा. "माझी राजकन्या, माझी राजकन्या." मरताना कडुनिंबाची उंच जागा तुला अन् पाण्याची मला. मी वाटणीला काई बोलले न्हाई. तीस वर्षं तुझी बाजूबी मीच झाडली. मला वाटायचं ती माझीच हाय. आजबी वाटतं.

मी केलं ते बरं केलं असं म्हणत न्हाई. तुझं पहिलं पत्र आलं, कणकेच्या हातानं माझं पत्र वाचल्याचं, ते वाचून मी न्हाणीत जाऊन रडले. तरीबी दुसरं पत्र लिहिलंच. अशी मी हाय. देवीपुढं तुझ्या नावानं कुंकू वाहिलं, माघारी आले अन् गवंड्याला बोलावलं.

पुनमला दिवस गेलेत. तिला आता त्या खोलीतून काढू शकत न्हाई.

बदकं तुझी हायत, कवाबी ने. तुझे शिव्याशाप मला लागू दे, मी त्याला पात्र हाय. पर पत्र बंद करू नको, राजकन्या. घरात माझ्याशी कोणी बोलत न्हाई. हातवारे करतात अन् निघून जातात. ह्या जगात मला लिहिणारं तुझ्याबिगर कोणी न्हाई.

अक्का


लातूर
२ मे २०२५

सौ. रुक्मिणबाई भुजंग पवळे
मु. करंजवाडी, ता. हदगाव, जि. नांदेड
यांस,

तुमचं १४ एप्रिलचं पत्र मिळालं. त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आहेत. एक वकिलांकडे दिली, एक तालुक्याला अर्जासोबत जोडली, एक माझ्याजवळ आहे. जागा माझी होती आणि ती कशी घेतली, हे तुम्ही तुमच्या हातानं, तारखेसह लिहून दिलंत. मी मागितलेला कागद तो हाच.

सासूबाईंचं तुम्ही केलंत ते खरं आहे. त्याबद्दल मी तुमच्या पाया पडले असते. मागितली असती तर निम्मी जागाही दिली असती.

पुनमची जबाबदारी मुलाची आणि तुमची आहे. बाळंतपण होईपर्यंत खोली खाली करायला मी वकिलांना सांगणार नाही. त्यानंतर सांगेन.

सात बदकं न्यायला माहेरचा माणूस येईल. तोपर्यंत दांडी काढून टाका आणि खाली कोरडी गुळी घाला.

यापुढं मला पत्र लिहू नका. हे पत्र पोचपावतीनं पाठवलं आहे. पोस्टमन कार्ड पुढं करेल, त्यावर पुरं नाव लिहा, तारीख टाका आणि सही करा.

राजकन्या रामलिंग पवळे